जंत, एरंडेल आणि सोनखत

आज साठी ओलांडलेल्या मराठी माणसाला बालपणीच्या धास्तींची यादी करावयास सांगितली, तर तीत मास्तरांच्या छडीच्या मागोमाग एरंडेलाचे नाव निघेल. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा सुटीचा दिवस मुक्रर व्हावयाचा, पहाटे मुलाला अंथरुणातून उठवून स्वयंपाकघरात आणावयाचे, कोऱ्या चहात किंवा आल्याच्या रसात मिसळलेला तो चिकट, उग्र वासाचा घोट नाक चिमटीत धरून घशाखाली उतरेपर्यंत आजीने हात सोडावयाचा नाही, आणि मग दुपारचा मऊ भात व मेतकूट एवढ्यावर तो दिवस काढावयाचा, हा क्रम देशावर काय, कोकणात काय, किंवा बडोदे-इंदूरकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत काय, थोड्याफार फरकाने सारखाच होता. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असे: पोट साफ होते, जंत पडतात. झोपेत दात खाणारे, नाक खाजवणारे, तोंडावर पांढुरके डाग उमटलेले, भरपूर खाऊनही अंगी न लागणारे मूल दिसले की वडीलधाऱ्या बायका निदान करून मोकळ्या होत, आणि त्या निदानावर अपील चालत नसे.

या घरगुती न्यायासनापुढे मुलावर दोन आरोप कायमचे ठेवलेले असत. एक, ते गोड फार खाते, आणि दुसरा, ते माती खाते. पहिला आरोप चरकसंहितेइतका जुना असून निराधार आहे. दुसरा खरा आहे, परंतु तो खरा का आहे हे विसाव्या शतकाचा पहिला चतुर्थांश सरत येईपर्यंत जगातल्या कोणत्याही वैद्याला पुरतेपणी सांगता आले नसते. तीन सहस्र वर्षे माणसाने ज्या जिवाला आपल्या शरीरातून पडताना उघड्या डोळ्यांनी पाहिले, त्याच्याविषयी इतका दीर्घकाळ इतके अज्ञान टिकावे, ही वैद्यकाच्या इतिहासातील एक विलक्षण गोष्ट म्हटली पाहिजे.

हा जंत म्हणजे गांडुळासारखा दिसणारा, दोन्ही टोकांना निमुळता, फिकट गुलाबी वर्णाचा गोल कृमी. मादी वीतभरापासून दीड वीतीपर्यंत लांब वाढते, नर तिच्याहून आखूड आणि शेपटीकडे वळलेला असतो. दोघांचाही निवास लघ्वांत्रात. अंकुशकृमी आतड्याच्या भिंतीला दातांनी धरून रक्त शोषतो, तसे काही साधन याच्यापाशी नाही. वाहत्या अन्नरसाच्या विरुद्ध दिशेने अंग रेटीत, केवळ स्नायूंच्या बळावर, तो आपले ठिकाण राखून असतो, आणि आयते पचलेले अन्न भक्षण करून एक-दोन वर्षांचे आयुष्य सुखाने कंठितो. एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. एखाददुसरा जंत पोटात असल्याचा पत्ता यजमानाला बहुधा लागतही नाही, आणि म्हणूनच हा रोग नसून बालपणाचा एक अपरिहार्य भाग आहे अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या निर्वेध नांदली.

परंतु संख्या वाढली की या निरुपद्रवी भाडेकरूचे स्वरूप पालटते. साधारणतः साठाच्या पुढे जंत एका लहान मुलाच्या आतड्यात एकत्र आले म्हणजे ते परस्परांत गुंतून त्यांचा गोळा होतो, आणि लघ्वांत्राच्या शेवटी, मोठ्या आतड्याच्या सांध्यावरील झडपेच्या अलीकडे, जेथे मार्ग मुळातच अरुंद असतो, तेथे तो गोळा अडकतो. मूल कळवळून रडू लागते, उलट्या प्रथम अन्नाच्या व मग हिरव्या पित्ताच्या होतात, त्या उलटीतून कधी एखादा जंतही पडतो. पोट फुगते, शी-वारा बंद होतो, आणि पोटावर हात ठेवणाऱ्या अनुभवी वैद्याला आत कणकेच्या गोळ्यासारखे काही लागते, जे तासाभराने पाहावे तो दुसरीकडेच सरकलेले असते. वेळेवर उपाय न झाल्यास त्या भाराने आतड्याला पीळ पडतो, किंवा आतड्यात आतडे शिरते, रक्ताचा पुरवठा तुटून तो भाग काळा पडतो, आणि मग मृत्यू फार दूर नसतो. दक्षिण आफ्रिकेत एका दोन वर्षांच्या मुलीच्या शरीरात ७९६ जंत मोजल्याची नोंद वैद्यकीय वाङ्‌मयात आहे. ती मुलगी वाचली नाही. हे मरण मुख्यतः दोन ते दहा वर्षांच्या मुलांचे, आणि त्यातही गरिबांच्या मुलांचे, असेच आजवर चालत आले आहे.

आता या जिवाच्या प्राचीन परिचयाकडे वळू. फ्रान्समधील आर्सी-स्यूर-क्यूर येथील गुहेत सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीच्या थरांत त्याच्या जातीची अंडी सापडली आहेत. म्हणजे शेती, गाव आणि राज्य यांच्या आधीपासून हा आपला सोबती आहे. इजिप्तमधील एबर्स पपायरसमध्ये, म्हणजे ख्रिस्तपूर्व १५५० च्या सुमारास, पोटातील कृमी पाडण्याची औषधे दिलेली आहेत. राजवाड्यातही त्याला मज्जाव नव्हता: १४८५ साली रणांगणावर पडलेला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा आपल्या शतकात लेस्टर येथे उकरून काढण्यात आला, तेव्हा कटीच्या हाडांजवळच्या मातीत जंताची अंडी मिळाली, आणि इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या माणसाचे पोटही त्याच्या प्रजेच्या पोटासारखेच होते हे सिद्ध झाले.

आपल्याकडे अथर्ववेदात कृमींच्या नाशासाठी स्वतंत्र सूक्ते आहेत; दिसणारे आणि न दिसणारे, आतड्यांत, मस्तकात व बरगड्यांत राहणारे असे सर्व कृमी उगवत्या सूर्याने मारावेत अशी त्यांत प्रार्थना आहे. चरकाने विमानस्थानात मंत्रांचा हा प्रदेश सोडून व्यवस्थित वर्गीकरण केले. कृमींचे वीस प्रकार, त्यांपैकी बाह्य मळातून होणारे दोन, रक्तातून सहा, कफातून सात आणि पुरीषातून पाच. आणि कफज कृमींमध्ये काही गोल, गांडुळाच्या आकाराचे असतात असे जे वर्णन तेथे आढळते, ते आपल्या जंताखेरीज दुसऱ्या कोणाचे असणे कठीण आहे. उपचारही तीन पायऱ्यांचे सांगितले आहेत: कृमी ओढून बाहेर काढणे, ज्या प्रकृतीत तो वाढतो ती बिघडवणे, आणि ज्या कारणांनी तो होतो त्यांचा त्याग करणे. यांतल्या पहिल्या पायरीची रीत वाचताना आजच्या वाचकालाही कौतुक वाटेल. रोग्याला आधी स्नेहन-स्वेदन द्यावे, मग औषधाच्या आदल्या दिवशी सायंप्रातः दूध, गूळ, दही, तीळ, मासे, पिठाचे पदार्थ व खीर असे जे जे कृमींना प्रिय ते ते पोटभर खाऊ घालावे, म्हणजे इतस्ततः पांगलेले कृमी कोठ्यात एकत्र जमतात, आणि दुसऱ्या दिवशी बस्ती, वमन व विरेचन यांनी त्यांना एकदम बाहेर काढावे. शत्रूला मेजवानीच्या निमित्ताने एका ठिकाणी गोळा करून कापून काढण्याचा हा डाव मध्ययुगीन राजकारणाला शोभेल असा आहे. अकराव्या शतकातील चक्रदत्ताच्या ग्रंथातही सकाळी प्रथम गूळ व मग शिळ्या पाण्याबरोबर पारसीक यवानी अशी योजना आहे, आणि जंताचे औषध गुळाच्या खड्याबरोबर देण्याचा आपल्या घरांतील प्रघात याच परंपरेतून उतरलेला दिसतो. कृमिघ्न द्रव्यांत चरकाने अग्रमान दिला तो विडंगाला, म्हणजे आपल्या वावडिंगाला. पळसाची बी आणि कपिला ही त्याच्या जोडीची औषधे. बाळाला पाजावयाच्या पाण्यात वावडिंगाचे चार दाणे उकळण्याची चाल आजही अनेक घरांतून गेलेली नाही.

याच संहितांच्या दुसऱ्या प्रकरणांत आतडे अडण्याचा रोग बद्धगुदोदर या नावाने येतो, आणि तेथे सुश्रुताने शस्त्रकर्माचे जे वर्णन केले आहे ते धाडसाच्या दृष्टीने असामान्य आहे. नाभीच्या खाली, रोमराजीच्या डाव्या बाजूस चार अंगुळे सोडून उदर फाडावे, चार अंगुळे आतडे बाहेर काढून नीट न्याहाळावे, अडथळा करणारा खडा, केसांचा गुंता किंवा मळाचा गोळा दूर करावा, आतड्याला मध-तुपाचा लेप देऊन ते स्वस्थानी ठेवावे आणि बाहेरची जखम शिवावी. आतड्याला भोक पडलेले असेल तर त्याच्या कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्यांचा दंश करवावा, आणि दंश होताच मुंग्यांची धडे तोडून डोकी तशीच राहू द्यावीत. अडथळ्याच्या कारणांत केस आहेत, खडे आहेत, चिकटणारे अन्न आहे, मूळव्याध आहे. जंत मात्र नाही. ज्या आचार्यांनी कृमी इतके बारकाईने पाहिले आणि आतड्याचा अडथळा इतक्या निर्भयतेने उघडून पाहिला, त्यांनी या दोहोंची गाठ घालून दिलेली नाही. पांडुरोगाच्या प्रकरणात, माती खाणाऱ्या रोग्याच्या कोठ्यात कृमी असतात हेही चरक नोंदवितो. परंतु ते मातीतून आले असावेत असा तर्क तो करीत नाही, कारण कृमी कफातून उपजतो हे मत एकदा ठरल्यावर त्याला बाहेरून येण्याची गरजच उरत नव्हती. यात आपल्याच पूर्वजांना दोष देण्याचे कारण नाही. युरोपातही एकोणिसावे शतक बरेच पुढे जाईपर्यंत पुष्कळ विद्वानांचे मत याहून वेगळे नव्हते.

औषधांच्या व्यापाराचा वृत्तांत मात्र अधिक रंजक आहे. इराणच्या किरमाण प्रांताकडून मुंबई बंदरात एक माल येई, त्याला इकडे किरमाणी ओवा म्हणत. ओव्याशी त्याचे नाते दिसण्यापुरतेच. वास्तविक त्या दवण्याच्या कुळातील एका झुडपाच्या न उमललेल्या कळ्या असत, आणि जंतावरचे औषध म्हणून त्यांची ख्याती इराण-तुर्कस्तानापासून युरोपातील औषधविक्रेत्यांच्या दुकानांपर्यंत पसरलेली होती. मुंबई सरकारच्या औषधभांडाराचा अधिकारी विल्यम डायमॉक याने आपल्या दोन सहकाऱ्यांसह १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध केलेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथात येथील बाजारात मिळणाऱ्या अशा मुळ्या-बियांचा जो दफ्तरवार तपास केला, तो आजही या विषयाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. १८३० साली काहलर आणि अल्म्स या दोन जर्मन औषधविक्रेत्यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे या कळ्यांतील सत्त्व वेगळे केले, तेच सँटोनिन. पुढे सिरदर्या नदीच्या खोऱ्यात, जेथे या वनस्पतीची सर्वांत सत्त्वशाली जात रानोमाळ उगवते, चिमकेंत या गावी रशियनांनी १८८० नंतरच्या दशकात कारखाना काढला, आणि जगभरातल्या मुलांच्या पोटातील जंतांचे भवितव्य काही दशके मध्य आशियातील त्या एका कारखान्याच्या मर्जीवर राहिले. क्रांतीनंतर तो सोव्हिएत सरकारच्या ताब्यात गेला. या मक्तेदारीला उत्तर म्हणून जपानात क्योतो येथील निप्पोन शिन्याकु या कंपनीने १९२० नंतरच्या दशकात त्याच कुळातील एक सँटोनिनयुक्त जात लावून वाढवली, आणि आपल्याकडे कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात रामनाथ चोपडा यांनी काश्मीर व कुर्रम खोऱ्यातील देशी झुडपांत सँटोनिन मिळते काय याचा शोध चालवला. त्यांचा देशी औषधींवरील प्रसिद्ध ग्रंथ १९३३ सालचा.

सँटोनिनने जंत मरत नाही, तो बेजार होऊन जागा सोडतो. त्यामुळे रात्री सँटोनिन आणि सकाळी जुलाब अशी जोडी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अटळपणे येई, आणि आमच्या आजीचे एरंडेल अशा रीतीने आधुनिक वैद्यकातही मानाने दाखल झाले. औषधाची मात्रा थोडी अधिक झाली तर रोग्याला सारे जग पिवळे दिसू लागे. आणखी अधिक झाली तर आकडी येऊन मूल दगावेही.

उपाय हाती होता, शत्रू डोळ्यांसमोर होता. तो येतो कोठून एवढेच माहीत नव्हते. १६८३ साली लंडनच्या एडवर्ड टायसनने जंताचे शवविच्छेदन करून त्याच्या इंद्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले, दुसऱ्याच वर्षी इटलीतील फ्रांचेस्को रेदी याने त्याचे नर-मादी भेद व अंडी दाखवली, आणि १७५८ मध्ये लिनियसने त्याला गांडुळाच्या साम्यावरून आजचे शास्त्रीय नाव दिले. अंडी आहेत म्हटल्यावर ती कोणी गिळल्याशिवाय जंत होणार नाही, हा तर्क पुढे आला. परंतु सिद्ध करण्यास माणूस हवा होता. इटलीतील तरुण प्राणिशास्त्रज्ञ ग्रासी याने १८७९ साली शवातून मिळवलेली अंडी स्वतःच गिळली. अंडी गिळल्याने जंत होतो हे मान्य झाले, तरीही आतड्यातच जन्मून आतड्यातच वाढणाऱ्या जिवाला मोठे व्हायला दोन-तीन महिने का लागावेत, आणि मधल्या काळात तो असतो कोठे, हे कोडे राहिलेच. ते सोडवण्याची सुरुवात भारताच्या वैद्यकीय सेवेतील एका अधिकाऱ्याने केली. फ्रान्सिस स्ट्यूअर्ट हा त्या सेवेतील डॉक्टर हाँगकाँग येथे काम करीत असता, १९१६ मध्ये, जंताची अंडी उंदरांना चारून त्याने पाहिले तो अळ्या आतड्यात नसून यकृतात आणि मग फुप्फुसांत सापडल्या. त्यावरून जंताला वाढण्यासाठी उंदीर हा मधला यजमान लागत असावा असा निष्कर्ष त्याने काढला, तो टिकला नाही. परंतु मार्ग त्याने दाखवला तो खरा होता. १९२२ मध्ये जपानी संशोधक कोइनो याने जंताची दोन सहस्र अंडी स्वतः गिळली, काही दिवसांनी ज्वर व खोकल्याने तो अंथरुणाला खिळला, त्याच्या थुंकीत अळ्या सापडल्या, आणि पुढे औषध घेतल्यावर त्याच्या पोटातून शेकड्यांनी जंत पडले. माणसाच्या पोटात जाऊन, आतडे भेदून, रक्ताबरोबर यकृतात व फुप्फुसात जाऊन, श्वासनलिकेने घशापर्यंत चढून, गिळला जाऊन पुन्हा आतड्यातच परतणारा हा प्रवासी कोणत्या प्रयोजनाने एवढी प्रदक्षिणा घालतो, याविषयी जीवशास्त्रज्ञांत अजून वाद आहेत.

अंडे बाहेर पडते तेव्हा ते निरुपद्रवी असते. ओलसर, सावलीच्या मातीत दोन-तीन आठवडे किंवा अधिक काळ राहिल्यावरच त्यात अळी तयार होते, आणि मग अनुकूल भूमीत ते वर्षानुवर्षे टिकते. त्याचे कवच इतके चिवट की प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ ही अंडी फॉर्मलिनमध्ये वाढवतात. कडक ऊन व शुष्कता त्याला सोसत नाही आणि साठ अंशांच्या उष्णतेत ते लवकर मरते. परंतु भाजीच्या वाफ्यात, नळाच्या तोंडाशी, अंगणाच्या कोपऱ्यात ऊन पोहोचतेच कितीसे! माती खाणाऱ्या मुलाविषयी आजीचा जो संशय होता तो अशा रीतीने विज्ञानाने शाबीत केला. गुळाविषयीचा संशय मात्र दफ्तरातून काढून टाकण्यास हरकत नाही.

माती आली की सोनखताचा विषय टाळता येत नाही. मानवी मळाला शेतात सोन्याचे मोल आहे हे चीन-जपानला फार पूर्वीपासून ठाऊक होते. तोकुगावा राजवटीतील जपानात एदो व ओसाका या शहरांभोवतालची गावे नगरवासीयांचा मळ पैसे मोजून, भाजी देऊन विकत घेत, तो होड्यांतून वाहून नेत, आणि भाड्याच्या घरांतील मळावर मालकाचा हक्क असे. १७२४ साली ओसाकाच्या मळावरील हक्कासाठी गावांच्या दोन गटांत भांडण जुंपल्याची नोंद आहे. आपल्याकडे मळाच्या स्पर्शाविषयीची किळस आणि त्या किळसेवर उभी असलेली जातिव्यवस्था यांमुळे रयत या खताला सहसा हात लावीत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र, मुठा कालव्याच्या पाण्यावर पुण्याभोवती ऊस फोफावला तेव्हा, नगरपालिकेने राखेत मिसळून वाळवलेल्या सोनखताला गिऱ्हाईक मिळू लागले, आणि ज्याचा विटाळ त्याची किंमत ठरू लागली. ती घाण डोक्यावरून वाहणाऱ्या माणसांना या किमतीतला वाटा कधी मिळाला नाही. या अन्यायाची चीड असणाऱ्या मोजक्या मराठी माणसांत कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे आप्पा पटवर्धन अग्रगण्य होत. कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात १९४८ पासून त्यांनी स्वतः मैला हाताळून, मळ मातीत पुरून त्याचे निर्गंध खत होईपर्यंत राखणाऱ्या संडासांचे प्रयोग केले, आणि हे काम कोणत्याही एका जातीचे नाही असे आचरणाने दाखवून दिले. जंताच्या दृष्टीने पाहता खत पुरेसे तापणे किंवा पुरेसा काळ राहणे हाच सारा मामला आहे. मळ ताजा शेतात गेला तर ते खत जंताची पेरणी ठरते, आणि जुना, मुरलेला गेला तर ते केवळ खत राहते.

जपानला हे तत्त्व महागात शिकावे लागले. महायुद्धानंतर त्या देशात दहांपैकी सहांहून अधिक लोकांच्या पोटात जंत होते. अमेरिकन सैन्याने तेथील भाजी खाण्याचे नाकारून १९४६ मध्ये तोकियोजवळ चोफू येथे मातीविना, पाण्यावर भाजी पिकवण्याची अजस्र बाग उभारली. १९४९ मध्ये तोकियोत परोपजीवी-निर्मूलन संस्था स्थापन झाली. तिचा प्रवर्तक कुनिई चोजिरो हा डॉक्टर नव्हता. शाळाशाळांतून मुलांच्या मळाचे नमुने गोळा करावयाचे, अल्प फी घेऊन ते तपासावयाचे आणि जंत निघालेल्यांना औषध द्यावयाचे, असा तिचा व्यवहार होता. सूक्ष्मदर्शकाखाली मळ झटपट तपासण्यासाठी सेलोफेनची पट्टी वापरण्याची काटो यांची युक्ती १९५४ ची. ब्राझीलमध्ये सुधारलेल्या तिच्या रूपावर आज जगभरची पाहणी चालते. औषधांत सँटोनिन होतेच, आणि त्याच्या जोडीला दक्षिणेच्या समुद्रातील एक शेवाळ, ज्याचा काढा जपानी आया पिढ्यान्‌पिढ्या पाजीत आल्या होत्या; १९५३ मध्ये त्यातून निघालेले कायनिक आम्ल पुढे मेंदूच्या संशोधनात भलतेच प्रसिद्धीस आले. १९५८ च्या शालेय आरोग्य कायद्याने ही तपासणी सक्तीची झाली. याच काळात मळ तीनेक महिने साठवून मगच बाहेर काढता येईल अशा कुंड्यांचे संडास पसरले, रासायनिक खत स्वस्त झाले, ताजा मळ शेतातून हटला. १९७० च्या सुमारास जंतांचे प्रमाण शेकडा एक-दोनच्या घरात आले. औषध आणि माती या दोन्ही आघाड्या एकाच वेळी चालवल्याचे हे फळ होते. नुसत्या जुलाबाने ते शेकडो वर्षांत साधले नव्हते.

उरलेल्या जगाचे चित्र नॉर्मन स्टॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४७ मध्ये मांडले होते. त्याच्या अंदाजाने तेव्हा ६४ कोटी ४० लाख लोकांच्या पोटात हा जंत होता, आणि त्या वेळची जगाची लोकसंख्या सव्वादोन अब्जांच्या आसपास होती.

अडलेल्या आतड्याच्या उपचारातही याच काळात फरक पडला. भूल आणि जंतुनाशन यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदर उघडणे शक्य झाले, परंतु फुगलेले, थकलेले, पाण्यावाचून सुकलेले मूल शस्त्रक्रियेच्या टेबलावर टिकत नसे. १९३० नंतरच्या पहिल्या वर्षांत मिनेसोटाचे ओवेन वँगेनस्टीन यांनी नाकातून जठरात नळी घालून आतला द्रव व वायू सतत ओढून घेण्याची पद्धत रूढ केली; शिरेतून क्षारद्रव देण्याची सोय झाली; आणि जंताच्या गोळ्याने अडलेली पुष्कळशी मुले चाकू न लावता, उपाशी ठेवून, नळी व सलाइन यांवर काही दिवसांत मोकळी होऊ लागली. शस्त्रक्रिया करावीच लागली तर शहाणा शल्यवैद्य आतडे उघडण्याआधी बाहेरूनच बोटांनी हलके दाबीत तो गोळा मोठ्या आतड्याकडे सरकवून पाहतो. १९५० च्या आगेमागे, पूर्वी संधिवातावर वापरलेले पायपरेझिन जंताला लुळा करते असे आढळले. मग पायरँटेल, मेबेंडॅझोल, अल्बेंडॅझोल आली आणि सँटोनिन अडगळीत गेले.

या औषधांनी एक जुना धोका नव्या रूपात समोर आणला. पोटात जंतांची गर्दी असता त्यांना एकदम लुळे किंवा ताठ करणारे औषध दिले तर ते प्रवाहाबरोबर वाहत येऊन अरुंद जागी साचतात, आणि जे आतडे अर्धे मोकळे होते ते पुरते बंद होते. जुलाबाने तर आतडे जोराने आकुंचन पावून तो गोळा अधिकच घट्ट ठोकला जातो. पूर्वीच्या काळी एरंडेल पाजल्यावर पोट फुगून दगावलेल्या मुलांचे मरण कोणाच्या खाती मांडले गेले असेल, याचा विचार केला म्हणजे अंगावर काटा येतो. बहुधा ते दैवाच्या खाती गेले. धोका आतड्यापुरताच राहत नाही: काश्मीरच्या खोऱ्यात, जेथे थंड ओलसर मातीत ही अंडी सुखाने राहतात, हा रोग इतका बोकाळलेला होता की श्रीनगरचे डॉक्टर खुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंत पित्तनलिकेत व स्वादुपिंडाच्या नलिकेत शिरल्याच्या पाचशे रोग्यांचा वृत्तांत १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

भारत सरकारने २०१५ च्या १० फेब्रुवारीपासून राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू केला. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना शाळेत व अंगणवाडीत चारशे मिलिग्रॅमची अल्बेंडॅझोलची गोळी, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, आणि बहुतेक ठिकाणी ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा, अशी ती योजना आहे. आजीच्या एरंडेलाच्या जागी ही गोळी आली, ती सोपी आहे, बेचव नाही, आणि निरोगी मुलाला ती अवश्य द्यावी. आजारी मुलाला त्या दिवशी गोळी देऊ नये असा नियम तिच्याबरोबर आहे, तो मात्र पालकांनी नीट लक्षात ठेवावा. पोट फुगले आहे, कळा येत आहेत, शी-वारा बंद झाला आहे, उलटी हिरवी होते आहे, अशा मुलाला घरी एरंडेल, जुलाब वा जंताची गोळी यांपैकी काहीही देऊ नये. त्याच्या तोंडात काही न घालता, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्याला त्याच दिवशी न्यावे, आणि पूर्वी त्याच्या पोटातून जंत पडले असतील तर ते डॉक्टरांना न विचारता सांगावे.